कानबाईचा शब्द

तानुबाईचं मत गावात कोणी कधी विचारलं नाही. पण वर्षातून एक सकाळ अशी यायची की सगळी भावकी तिच्यापुढे हात जोडून उभी राहायची. गाव नरडाण्याच्या अलीकडचं, कापसाचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसायची. नारळाची देवी, तिला नथ, मणी, नवं लुगडं. सोमवारी सकाळी तिला नदीवर न्यायला चौरंग उचलला आणि डफ वाजू लागले की देवी तानुबाईच्या अंगात यायची. मग ज्याला जे विचारायचं ते त्यानं विचारून घ्यायचं. म्हैस विकू का, कापूस अवंदा कधी लावू, पोरगा एसटीत लागेल का. उरलेलं वर्षभर ती भाजी कोणती टाकायची हेसुद्धा घरच्यांना विचारून टाकायची.

वनाआबा हे तिचे जेठ, नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. जेठासमोर भावजयीनं पदर पुढे ओढून दाराआड उभं राहायचं, काही सांगायचं असेल तर नवऱ्याला सांगायचं, ही तिकडची रीत. आणि तिचा नवरा अभिमन हा असा निरोप्या की बायकोचं म्हणणं ओसरीपर्यंत नेईतो निम्मं सांडून मोकळा व्हायचा. आबा तिच्याशी थेट बोलायचे ते वर्षातून एकदा, कानबाईच्या सोमवारी, आणि तेही तिच्या पायाशी डोकं टेकवून. देवी बोलली की आबांनी ऐकलं. तानुबाई बोलली असती तर त्यांनी पानसुपारीचा डबा उघडला असता.

आधी देवी तिच्या सासूच्या, भिकुबाईच्या अंगात यायची. भिकुबाई वारली त्याच्या पुढच्या श्रावणात चौरंग उचलला, डफ वाजले, आणि कोणीच घुमेना. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आबांचा चेहरा उतरला. देवी रुसली म्हणजे घराचं वाटोळं, असं कोणी तरी पुटपुटलं. तानुबाईला आदल्या दिवसापासून कडक उपास होता, डोकं हलकं झालं होतं, धुपाचा धूर नाकात गेला होता. सगळ्यांचे डोळे तिच्यावर येऊन थांबले आणि तिचं अंग हलू लागलं. त्या वर्षी खरंच काही झालं की उपासाचं पित्त चढलं, हे तिला स्वतःला कधी उमगलं नाही. पुढच्या वर्षापासून मात्र चांगलं उमगत होतं.

तिनं कोणाचं नुकसान केलं नाही, एवढं तिच्या बाजूनं बोललं पाहिजे. विचारणारा पुढे आला की त्याला काय ऐकायचं आहे ते त्याच्या तोंडावरच दिसायचं. म्हैस विकायचं ज्याचं ठरलेलं असे त्याला ती विक म्हणायची. जो नुसता धीर मागायला येई त्याला धीर द्यायची. लोकांना देवी हवी असते ती आपलंच म्हणणं जरा मोठ्या आवाजात ऐकायला, हे तानुबाईला कळून चुकलं होतं. म्हणून तिचं कधी चुकलं नाही, आणि कधी चुकलं नाही म्हणून तिचा लौकिक वाढत गेला.

तिची लेक सुनंदा लहानपणापासून त्या सोमवारी तिच्या शेजारी हळदीकुंकवाचं ताट धरून उभी राहायची. आई घुमता घुमता पडू नये म्हणून एका हातानं तिचा पदर पकडायची, नंतर पाणी द्यायची. एकदा पोरीनं विचारलं होतं, माय, अंगात देवी येते तेव्हा तुला काय दिसतं? तानुबाई थकून भिंतीला टेकली होती. लेकीशी खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "लोकेस्ना तोंडंच दिसतस," ती म्हणाली. सुनंदानं ते मनात ठेवलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

सत्याऐंशी साली सुनंदाला धुळ्याचं स्थळ आलं. ते वनाआबांनीच आणलं होतं. खत-बियाण्यांचं दुकान, मागे गोदाम, वर घर, घरात रंगीत टीव्ही. मुलगा रुपचंद दिसायला बरा, हिशोबी. त्याची आई सुंदरबाई बोलायला गोड. आबांनी दुकानाच्या गादीवर बसून चहा पिता पिता शब्दही देऊन टाकला होता. घर बघायचं म्हणून बायकांना नेलं तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त शेव आणि चहा उरला होता.

त्या घरात एक थोरली सून होती. पाण्याचे पेले घेऊन आली. तानुबाईनं आपलं सहज, काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, तुझं माहेर कोणतं गं? साधा प्रश्न. कोणतीही बाई माहेराचं नाव सांगताना थोडी तरी फुलते. त्या सुनेनं आधी सुंदरबाईकडे पाहिलं. सुंदरबाईनं मान हलवल्यासारखं केलं, मग सून म्हणाली, शिरपूरकडचं. आणि पेले गोळा करून आत गेली.

एवढंच. पण तानुबाई त्या सुनेच्या पाठीकडे बघत राहिली. स्वतःच्या माहेराचं नाव सांगायलाही जिला परवानगी लागते, तिला या घरात आणखी कशाकशाला लागत असेल? मनात पाल चुकचुकली ती थांबेना. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाया टीव्हीचं कौतुक करत होत्या आणि तिच्या आतून कोणी तरी एकच शब्द सांगत होतं, नको. तिचा स्वतःचा आतला आवाज तिनं इतक्या वर्षांत क्वचितच ऐकला होता. त्या दिवशी तो इतका स्वच्छ आला की ती घाबरली.

घरी येऊन तिनं अभिमनला सांगितलं, मला ते घर बरं वाटत नाही. त्यानं विचारलं, का? तिनं सुनेची गोष्ट सांगितली. तो हसायला लागला. सुनेनं सासूकडे पाहायचं नाही तर काय गल्लीतल्या लोकांकडे पाहायचं? दुसरं काही असेल तर सांग. दुसरं काही नव्हतं. तिच्याजवळ पुरावा म्हणावा असं काहीच नव्हतं, नुसतं आतून आलेलं ते नको होतं, आणि त्याची किंमत अभिमनच्या लेखी ढेकराएवढी. आबांच्या कानावर घाला, असं तिनं परत परत विनवलं. त्यानं घातलं की नाही कोण जाणे.

पण तिच्या हातात एक गोष्ट होती. श्रावण तोंडावर आला होता. आबा धार्मिक, एवढं मोठं काम देवीला विचारल्याशिवाय करणार नाहीत. ते विचारतील आणि मी नको म्हणेन, एवढं सोपं होतं. देवीनं नको म्हटल्यावर दिलेला शब्दही मोडता येतो, त्यात अब्रू जात नाही. तानुबाईनं त्या दिवसांत दळताना, निंदताना, चुलीपुढे बसून तो एक शब्द मनात घोकून ठेवला.

सोमवार उजाडला. चौरंग उचलला, डफ घुमले, तानुबाई घुमू लागली. सुनंदा ताट धरून शेजारी होती, तिनं पदर पकडला होता. दोन-चार जणांचं विचारून झालं. मग वनाआबा पुढे आले, अंगणातल्या धुळीत आडवे झाले आणि हात जोडून म्हणाले, "माय, धुळाले सोयरीक जुळी ऱ्हायनी. सुनंदाले देऊत का नको?"

तिनं आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर उत्तर केव्हाचं तयार होतं. मागे अभिमन होता, त्याच्या चेहऱ्यावर तेच. बायांच्या चेहऱ्यावर टीव्ही. इतक्या वर्षांत देवीनं कधी कोणाच्या मनाविरुद्ध सांगितलं नव्हतं. आज सांगितलं तर अभिमनला ताबडतोब आठवेल की बायको महिनाभर हेच म्हणत होती. तो बोलून जाईल. मग सगळे म्हणतील, ही देवी नव्हेच, ही तानुबाई. मग मागची सगळी वर्षं उघडी पडतील. आबा पायाशी पडले होते ती सगळी वर्षं. ओठावर आलेला शब्द तिथंच अडला. दातांमागे जिभेला त्याची चव लागत होती, पण तो बाहेर पडेना.

"दी टाक," देवी म्हणाली.

डफ वाजले. बायांनी कुंकू उधळलं. सुनंदानं पदर सोडला नाही, पण तिची मूठ सैल झाली, हे घुमता घुमताही तानुबाईला जाणवलं. नदीवर जाऊन येईपर्यंत तिला रडू आवरत नव्हतं, आणि लोक म्हणत होते, देवी आज फार प्रसन्न आहे.

मार्गशीर्षात लग्न लागलं. त्यानंतर सुनंदा माहेरी आली ती अक्षयतृतीयेला, आखाजीला. गावभर झोके बांधले होते, सासरहून आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. सुनंदा झोक्यावर बसली नाही. तिचे डोळे लाल होते. प्रवासातली धूळ असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. दुपारी तानुबाईनं विचारलं, तुझ्यासाठी काय करू, खापरावरची पुरणपोळी करू? सुनंदानं आधी बाजूला पाहिलं. तिथं कोणीच नव्हतं, धान्याची कोठी होती. मग ती म्हणाली, काहीही कर.

तानुबाईनं हातातलं ताट बाजूला ठेवलं. हे पाहणं तिनं धुळ्याला एकदा पाहिलं होतं.

मग तिनं पोरीला गोठ्यात नेलं आणि थोडं थोडं करून सगळं काढून घेतलं. मारत नाहीत, असं सुनंदा आधीच म्हणाली. उलट बोललं की रुपचंद तिला गोदामात कोंडतो. खताच्या गोण्या, फवारणीची औषधं, खिडकी नाही. सकाळी कोंडलं की दिवस मावळेपर्यंत. वासानं डोळे आणि घसा जळतो. चैत्रात तिला दिवस गेले होते, तेव्हाही एकदा कोंडलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं सगळं वाहून गेलं. माहेरी सांगायचं नाही, असं सुंदरबाईनं गोड आवाजात बजावलं होतं. थोरल्या सुनेचंही असंच झालं होतं म्हणे. ती आता उलट बोलत नाही, म्हणून तिला कोंडत नाहीत.

"माय, माले आते तठे धाडू नको," सुनंदा म्हणाली. त्यात रडणं नव्हतं. ते सगळं गोदामातच झालं असावं.

तानुबाईनं अभिमनला सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. तो उठला, आबांकडे गेला, आणि बराच वेळ ओसरीवरून नुसता आबांचाच आवाज येत राहिला. नवीन संसारात असं थोडंफार होतं. पोरींना शहरातलं वळण लागायला वेळ लागतो. आपण जावयाला समज देऊ, चार शब्द सांगू. पण पोर घरी ठेवून घ्यायची म्हणजे आपल्याच हातानं तिचा संसार मोडायचा. आणि शेवटी आबांनी हुकमाचं पान टाकलं. हे काही आपण ठरवलेलं नाही, हे कानबाईनं दिलेलं घर आहे, तिच्या शब्दावर आपण कोण बोलणारे. अभिमननं मान डोलावली. त्याच्यापुढे दुसरं काही येईपर्यंत तो मानच डोलवत असे.

तेव्हा तानुबाई उठली. पदर पुढे ओढला, दारापर्यंत आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवी नसताना जेठाशी बोलली.

"आबा, ती देवी नव्हती. मन्हंच तोंड व्हतं. मन्हं मन नको सांगे, अन् मी दी टाक सांगं."

अभिमननं खाली पाहिलं. तानुबाईला वाटलं, आता आबा चिडतील, शिव्या देतील, मला घराबाहेर काढतील. काढू देत. एवढी वर्षं फसवलं म्हणून गावभर छी थू होऊ दे. पोर तर राहील. ती दाराची चौकट धरून त्या शिव्यांची वाट पाहत राहिली.

आबा रागावले नाहीत. ते समजूतदारपणे हसले, आणि तिच्याकडे न पाहता भावाला म्हणाले, "अभिमन, तिले सांग. देवी ज्या तोंडे बोलस, त्या तोंडले ते कळत नही." आणि त्यांनी पानसुपारीचा डबा उघडला.

खोटं बोलली तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला. खरं बोलली तेव्हा ठेवला नाही. आणि दोन्ही वेळा तिचा मानच राखला. याच्यावर बाईनं काय करावं? तानुबाईनं भांडून पाहिलं, दोन दिवस अन्न टाकलं. लेकीला घेऊन कुठं तरी निघून जावं असंही मनात आलं, पण कुठं म्हणजे कुठं, हे पुढे सुचेना. तिच्या माहेरी भाऊ नव्हता. रुपचंद घ्यायला आला तेव्हा आबांनी त्याला चार शब्द सांगितले. त्यानं ते मान खाली घालून ऐकले आणि वरून आबांच्या पायाही पडला. सुनंदा बसमध्ये चढली. तिनं सामान वर ठेवलं आणि खिडकीची काच ओढून घेतली.

श्रावण आला. घरची कानबाई बसली, सोमवारी उठली, डफ वाजले. तानुबाई खांबासारखी उभी राहिली. वाजवणाऱ्यांचे हात दुखून आले, धूप संपला, बाया तिच्या तोंडावर पाणी मारून गेल्या. तिनं पापणी हलवली नाही. यापुढे माझ्या तोंडून कोणाला काही मिळणार नाही, हे तिनं ठरवलं होतं आणि तिला वाटलं, निदान एवढी तरी शिक्षा यांना झाली पाहिजे. आबा काळजीत पडले. देवी का रुसली, यावर तीन-चार दिवस ओसरीवर खल झाला. तानुबाईनं तोंड का मिटलं हे तिलाच येऊन विचारावं, असं कोणाला वाटलं नाही.

मग धुळ्याहून निरोप आला. सुंदरबाईकडे कानबाई पुढच्या रविवारी बसत असे. निरोपात होतं की सोमवारी सकाळी जरूर या, व्याह्यांचा मान आहे, आणि तुमच्या सुनंदावर देवीची कृपा झाली आहे, मंगळागौरीच्या आरतीतच तिच्या अंगात आली. आबांचा चेहरा उजळला. रुसली नव्हतीच तर. लेकीबरोबर तिकडे गेली, एवढंच. त्यांनी गावभर सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलंसुद्धा.

सोमवारी तिघं पहाटेच्या एसटीनं धुळ्याला गेले. तानुबाईनं लेकीसाठी काही घेतलं नव्हतं, पण मनात एक आशा घेतली होती, ती लपवण्यात अर्थ नाही. पोर हुशार आहे. तिनं सगळं पाहिलेलं आहे. जी गोष्ट मी भ्याले म्हणून केली नाही, ती सुनंदा करील. भरगल्लीत, देवीच्या तोंडानं, रुपचंदचं आणि गोदामाचं नाव घेईल. सुंदरबाईला नाक घासायला लावील. बसमध्ये तानुबाईला हे इतकं खरं वाटू लागलं की सोनगीरचा किल्ला कधी मागे पडला ते तिला कळलं नाही.

दुकानापुढे मांडव होता. गल्ली माणसांनी भरली होती, पांझरेवर जायला डफवाले तयार होते. चौरंग उचलला आणि सुनंदा घुमू लागली. केस मोकळे, कपाळभर कुंकू, डोळे लालभडक. देवीचे डोळे बघा, असं कोणी तरी म्हणालं आणि बाया पुढे वाकल्या. तानुबाईला तो लाल रंग ओळखू आला. पोरीची मान कशी डावीकडून फिरते, पाय कसा आपटतो, श्वास कुठे तोडते, सगळं तिचंच होतं. थोरली सून शेजारी ताट धरून उभी होती.

गल्लीतल्या माणसांनी विचारलं, सुनंदानं उत्तरं दिली. सुंदरबाईनं विचारलं, दुकानाला बरकत आहे का? आहे, म्हणाली. रुपचंद आडवा पडून पाया पडला, त्याला अंगारा लावला. तानुबाई वाट पाहत होती. आता सांगेल. आता. ताटातलं कुंकू संपत आलं तरी सुनंदा काही सांगत नव्हती. मग तानुबाईला राहवलं नाही. ती गर्दीतून पुढे गेली, वनाआबा आणि अभिमन पाहत असताना लेकीच्या पायाशी बसली, आणि तिनं वाटच काढून दिली.

"माय, मन्ही लेक सुखी शे का?"

सुनंदा घुमायची थांबली. तिनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जन्मभर जशी लोकांची तोंडं तानुबाईनं वाचली होती तशीच पोर तिचं तोंड वाचत होती, आणि तिथं आशा होती, भीती होती, सगळंच होतं. डफ मंदावले. गल्ली कान देऊन ऐकत होती. मग सुनंदाचे लाल डोळे क्षणभर आईवरून उचलले गेले आणि मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या सुंदरबाईकडे गेले. सुंदरबाईनं मान हलवल्यासारखं केलं.

"सुखी शे," देवी म्हणाली. "बठ्ठं, सगळं चांगलं शे."

डफ जोरात सुरू झाले. बायांनी कुंकू उधळलं. वनाआबांनी अभिमनच्या पाठीवर हात ठेवला आणि ते म्हणाले, ऐकलं ना, आता तरी तुझ्या बायकोच्या जिवाला शांतता मिळू दे. चौरंग पांझरेच्या दिशेनं निघाला. सुनंदा पुढे घुमत चालली, आणि ती पडू नये म्हणून थोरल्या सुनेनं तिचा पदर घट्ट धरून ठेवला होता.